रेडिओ स्टेशनवरचे सिनेमे: जुनी यंत्रं, जुनी गाणी आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रेडिओ स्टेशनवर घडणारा सिनेमा लागला की माझं लक्ष हिरोकडे कमी आणि त्याच्यासमोरच्या टेबलाकडे जास्त असतं. बरोबर बघणारे वैतागतात आणि नंतर तेच लोक प्रश्न विचारतात, म्हणून सगळे प्रश्न एकदाचे इथे लिहून टाकतोय. आधीच सांगतो, मशीनचा मॉडेल नंबर बरोबर आहे की चूक यापेक्षा नटाचा हात त्या मशीनवर कसा फिरतो ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, त्यामुळे काही उत्तरं जरा लांबलीत.

असे सिनेमे म्हणजे नक्की कुठले?

दोन प्रकार आहेत. एकात गोष्टच स्टेशनवर घडते, जसं 'प्ले मिस्टी फॉर मी' (१९७१), 'एफएम' (१९७८), 'गुड मॉर्निंग, व्हिएतनाम' (१९८७), 'द बोट दॅट रॉक्ड' (२००९). दुसऱ्यात गोष्ट बाहेर घडते आणि रेडिओ तिला धाग्यासारखा बांधून ठेवतो, म्हणजे 'अमेरिकन ग्राफिटी' (१९७३), 'द वॉरियर्स' (१९७९), 'रिझर्व्हॉयर डॉग्ज' (१९९२). मला दुसरा प्रकार जास्त आवडतो. 'द वॉरियर्स'मध्ये तर त्या बाई डीजेचे फक्त ओठ आणि माईक दिसतो, चेहरा शेवटपर्यंत नाही, आणि तरी अख्ख्या शहरावर तिचंच राज्य आहे असं वाटतं.

तो कॅप्सूलच्या गोळीसारखा मोठा माईक कुठला?

बहुतेक वेळा आरसीए कंपनीचा ७७-डीएक्स. १९५४ चा. त्याचा थोरला भाऊ म्हणजे आरसीए ४४, चौकोनी खांद्यांचा, जाळीला आडव्या पट्ट्या, हा १९३२ पासूनचा आणि वजनाला साधारण चार किलो, चुकून पायावर पडला तर महिनाभर आठवण राहील. हे दोन्ही रिबन माईक. आत दोन चुंबकांच्या मधे ॲल्युमिनियमची नागमोडी पट्टी टांगलेली असते, जाडी जेमतेम दोन-अडीच मायक्रॉन, आवाजाच्या लाटेनं ती हलते आणि तेवढ्यानं सिग्नल तयार होतो. म्हणून सिनेमात कोणी अशा माईकवर फुंकर मारून किंवा टकटक करून "हॅलो हॅलो" केलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण खऱ्या माईकची पट्टी त्यानं ताणली जाऊ शकते.

दुसरा एक कायम दिसतो तो शुअर ५५, कारच्या पुढच्या जाळीसारखा, १९३९ चा. तो स्टेजवर गाणाऱ्यांच्या हातात जास्त शोभतो पण पोस्टरवर छान दिसतो म्हणून आर्ट डायरेक्टर मंडळी स्टुडिओतही नेऊन ठेवतात. चूक आहे असं म्हणणार नाही, आळस आहे.

मग सत्तरीनंतरच्या स्टेशनांवर काय असायचं?

इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई-२० (१९६८) आणि शुअरचा एसएम-७ (१९७३). आजच्या पॉडकास्टवाल्यांच्या तोंडापुढे जो काळा नळकांड्यासारखा माईक असतो तो याच एसएम-७ च्या घराण्यातला. त्यामुळे १९६० सालच्या गोष्टीत तो दिसला तर हसायला हरकत नाही.

डीजेचा आवाज इतका भारदस्त कसा येतो? सगळ्यांचाच घसा तसा असतो का?

घसा निम्मा, बाकी माईक. बहुतेक दिशा धरणाऱ्या माईकजवळ जसजसं तोंड न्याल तसतसा खर्ज वाढत जातो, रिबनमध्ये तर खूपच. रात्रीच्या कार्यक्रमातला निवेदक माईकला जवळजवळ कुजबुजत असतो ते उगाच नाही. आरई-२० मध्ये हा परिणाम मुद्दाम कमी केलाय, म्हणजे माणूस बोलता बोलता मागेपुढे झाला तरी आवाज एकसारखा राहतो. त्याच्यावर परत स्टेशनचा कंप्रेसर, जो बारीक आवाज उचलतो आणि मोठा दाबतो, त्यामुळे श्वाससुद्धा कानाशी घेतल्यासारखा ऐकू येतो.

डीजे रेकॉर्ड हातानं उलटी का फिरवतो? स्क्रॅचिंग करतोय का?

नाही हो. त्याला क्यू करणं म्हणतात, आणि या सगळ्या सिनेमांमध्ये मी सगळ्यात बारकाईनं बघतो ती गोष्ट हीच.

असं असतं बघा. सुई ठेवली की गाणं लगेच सुरू होत नाही, आधी रिकामी खाच असते. हवेवर तेवढी शांतता चालत नाही. म्हणून पहिलं गाणं वाजत असतानाच दुसऱ्या टर्नटेबलवर रेकॉर्ड ठेवायची, मिक्सरवरची त्या टर्नटेबलची आवाजाची गोल खुंटी पूर्ण डावीकडे फिरवायची, ती 'कट्' करून क्यूच्या घरात बसते आणि मग आवाज हवेवर न जाता टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधे येतो. सुई टेकवायची, पहिला सूर येईपर्यंत जाऊ द्यायचं, येताच थांबवायचं आणि बोटानं तबकडी मागे घ्यायची, पाव किंवा अर्धा फेरा. त्या वेळी जो उलटा घरंगळल्यासारखा आवाज येतो तो ओळखीचा आहे. अर्धा फेरा मागे का, तर जुन्या जड टर्नटेबलला स्पीड पकडायला वेळ लागतो, अगदी सुरापाशीच थांबवली तर गाणं रडत रडत वर चढतं. काही जण वेगळं करायचे, खाली फेल्टची चकती, मोटर चालूच, रेकॉर्ड बोटानं धरून ठेवलेली आणि वेळ आली की सोडून द्यायची.

आता नट हे करताना बघा. ज्यानं चार दिवस सराव केलाय त्याची नजर तबकडीवर नसते, तो बोलत असतो आणि बोट आपोआप जातं. ज्यानं केलेला नसतो तो सुई अशी ठेवतो जणू बॉम्ब निकामी करतोय.

आणि हो, रोज असं मागेपुढे केल्यानं रेकॉर्डची सुरुवातीची खाच झिजते. रेडिओ स्टेशनमधून बाहेर पडलेल्या जुन्या रेकॉर्ड घेतल्या तर गाण्याच्या आधी जी खरखर ऐकू येते ती हीच.

साठच्या दशकातल्या गोष्टीत टेक्निक्सचा टर्नटेबल दिसला, चालेल का?

नाही चालणार. एसएल-१२०० आला १९७२ मध्ये, आणि वेग कमीजास्त करणाऱ्या सरकत्या पट्टीचा जो प्रसिद्ध प्रकार आहे तो एमके-२ आला १९७९ मध्ये. कडेला ठिपक्यांच्या ओळी आणि कोपऱ्यात लाल दिवा दिसला की सिनेमाचं साल तपासा. हा डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटर थेट तबकडीखाली, पट्टा नाही चाक नाही, आणि एमके-२ तर ०.७ सेकंदात पूर्ण वेग घेतो. त्याच्या आधीची स्टेशनं रबरी चाकावर चालणारी अवजड मशीनं वापरायची, युरोपात ईएमटी ९३०, अमेरिकेत गेट्स, क्यूआरके असली.

ती जाड कॅसेट डीजे सारखी मशीनमध्ये खुपसतो, ती ८-ट्रॅक का, पूर्वी गाड्यांमध्ये वाजायची ती?

दिसते तशी, पण नाही. ती कार्ट. जाहिराती, स्टेशनची धून, कधीकधी हिट गाणी पण, सगळं यावर असायचं. १९५९ पासून स्टेशनांमधे आली. आत एकच रीळ, टेप मधून बाहेर निघते, आवाज वाचणाऱ्या हेडवरून जाते आणि परत त्याच रिळाच्या बाहेरच्या बाजूला गुंडाळली जाते, तिला शेवटच नाही. टेप स्वतःवरच घसरत राहते म्हणून तिला ग्राफाइटचा लेप असतो. खरी गंमत अशी की सुरुवातीच्या जागी १००० हर्ट्झचा एक सूर टेपवर नोंदलेला असतो, श्रोत्याला ऐकू न जाणारा, कारण तो वेगळ्या ट्रॅकवर असतो. जाहिरात संपली की टेप पुढे फिरत राहते, तो सूर आला की मशीन खटकन थांबतं. म्हणजे कार्ट पुढच्या वेळेसाठी आपोआप तयार. रिवाइंड नाही, शोधाशोध नाही.

८-ट्रॅकशी फरक विचाराल तर तिच्यात दाबणारा रबरी रोलर कॅसेटच्या आतच असतो, कार्टमध्ये तो मशीनमधून खालच्या भोकातून वर येतो. म्हणून कार्ट घुसवल्यावर एक भक्कम 'ठक' ऐकू येतं. तो ठक ज्या सिनेमात नीट रेकॉर्ड केलाय त्याच्या साउंडवाल्याला माझा सलाम.

'द फॉग' (१९८०) मध्ये दीपगृहातून स्टेशन चालवणारी बाई आहे, एकटीच, आणि तिनं आणून ठेवलेल्या जुन्या फळीतून पाणी झिरपायला लागतं आणि तिथलं टेप मशीन बिघडतं. भूत वगैरे ठीक आहे, माझा जीव त्या मशीनसाठी तुटला.

टेप खरंच ब्लेडनं कापायचे?

हो, आणि परत चिकटवायचे. रीळ दोन्ही हातांनी मागेपुढे हलवायचं, आवाज 'व्हुप व्हुप' करत हेडवरून जातो, हवा तो शब्द कुठे सुरू होतो ते कानानं पकडायचं, टेपच्या पाठीवर पांढऱ्या मेणपेन्सिलीनं खूण करायची, धातूच्या खाचेत ठेवून तिरकं कापायचं, बहुतेक ४५ अंशात, म्हणजे सांधा ऐकू येत नाही. सेकंदाला १५ इंचांच्या वेगानं एका सेकंदाचा आवाज म्हणजे ३८ सेंटिमीटर टेप, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा शब्द साधारण वीतभर. हातात धरता येतो तो शब्द! कॉम्प्युटरवर एडिट करणाऱ्यांना हे सांगून पटत नाही.

यावरचा माझा आवडता किस्सा. 'एफएम' सिनेमासाठी स्टीली डॅननं त्याच नावाचं गाणं केलं, ज्यात एफएमवर खरखर नाही असं गायलंय. एएमवर तर खरखर असतेच, त्यामुळे एएम स्टेशनांना हे वाजवणं अवघडच, आपल्याच पायावर धोंडा. तर काहींनी त्याच बँडच्या 'एजा' गाण्यातला 'ए' कापून 'एफ'च्या जागी चिकटवला आणि 'एएम' करून वाजवलं. मूळ गाण्याला उत्तम ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालंय आणि त्याच्यावर हे ठिगळ.

सिनेमात सगळ्यात जास्त होणारी चूक कुठली?

माईक उघडा आणि खोलीतले स्पीकर दणदणत चालू. खऱ्या स्टुडिओत माईकचं बटण वर गेलं की स्पीकर आपोआप बंद होतात, बाहेर लाल दिवा लागतो आणि डीजे हेडफोनवर ऐकतो. तसं नसतं तर स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा स्पीकरमध्ये आणि शेवटी किंचाळणारी शिट्टी. पण दिग्दर्शकाला वाटतं हिरो गाण्यावर नाचला पाहिजे. ठीके, नाचू दे, पण माईक बंद करून.

दुसरी चूक म्हणजे मीटरचा काटा मेल्यासारखा पडलेला. आवाजाची पातळी दाखवणारं काट्याचं व्हीयू मीटर १९३९ पासून ठरलेल्या चालीनं हलतं, बोलण्याबरोबर डोलतं. काटा हलत नसेल तर ते मशीन नुसतं शोभेचं आहे.

बोटीवर रेकॉर्ड वाजवताना सुई उडत नसेल?

उडायचीच. लाटेबरोबर सुईचा दांडा पण डोलणार. सुईवर भार वाढवला की कमी उडते पण रेकॉर्ड जास्त झिजते, आणि शांत रात्र मिळाली तर नशीब. 'द बोट दॅट रॉक्ड'ची गोष्ट १९६६ च्या सुमाराची, आणि त्यामागे खरा इतिहास आहे, रेडिओ कॅरोलाइन १९६४ च्या ईस्टरला ब्रिटनच्या किनाऱ्याबाहेरच्या जहाजावरून सुरू झालं, कारण बीबीसीवर पॉप संगीत जेवढ्यास तेवढंच लागायचं. ऑगस्ट १९६७ मध्ये अशा जहाजी स्टेशनांविरुद्ध कायदा आला आणि बहुतेक जहाजं गप्प झाली. सिनेमात सगळं जरा जास्तच मजेचं दाखवलंय, महिनोनमहिने त्या लोखंडी डब्यात राहणं एवढं रंगीत नसणार.

गाण्यांची सालं चुकतात का?

चुकतात, आणि कधी कधी ते बरं असतं. 'द बोट दॅट रॉक्ड'मध्ये द हू या बँडचं 'वोन्ट गेट फूल्ड अगेन' आहे, जे आलं १९७१ मध्ये. 'गुड मॉर्निंग, व्हिएतनाम' घडतो १९६५ मध्ये आणि त्यात लुई आर्मस्ट्राँगचं 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' लागतं, जे १९६७ चं. पहिल्या चुकीवर मी कुरकुरतो, दुसरीवर नाही. कारण तिथे डीजे गाणं लावतो आणि पडद्यावर युद्ध चालू राहतं, गाण्याचा गोडवाच अंगावर येतो, तिथे तारखेचा हिशोब कोण मांडणार. हा पक्षपात आहे, मान्य.

सिनेमामुळे जुनं गाणं परत गाजलं असं झालंय?

वर सांगितलेलं 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड'च १९८८ मध्ये अमेरिकेच्या यादीत ३२ व्या नंबरपर्यंत गेलं. त्याहून मोठं उदाहरण 'प्ले मिस्टी फॉर मी'. रोबर्टा फ्लॅकनं १९६९ मध्ये एक संथ प्रेमगीत रेकॉर्ड केलं होतं, 'द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस', फारसं कोणाच्या लक्षात नव्हतं. क्लिंट ईस्टवुडनं दिग्दर्शक म्हणून केलेल्या या पहिल्या सिनेमात ते घेतलं आणि १९७२ मध्ये ते थेट एक नंबरवर जाऊन सहा आठवडे तिथे बसलं.

रेडिओवरचं गाणं सिनेमात 'रेडिओवरचं' कसं वाटतं? नुसता आवाज पातळ करतात का?

सोपी पद्धत तीच, खालचे आणि वरचे सूर कापायचे, मधला पट्टा ठेवायचा, झाला डबा रेडिओ. पण 'अमेरिकन ग्राफिटी'त जे केलंय ते वेगळंच आहे. साउंडचं काम बघणाऱ्या वॉल्टर मर्चनं गाणी आणि निवेदन मिळून रेडिओचा एक सलग कार्यक्रमच तयार केला, मग घरामागच्या मोकळ्या जागेत एकाच्या हातात स्पीकर, दुसऱ्याच्या हातात माईक, मधे बरंच अंतर, आणि दोघं आपापली दिशा सावकाश बदलत राहिले. कधी स्पीकर समोर, कधी पाठमोरा, कधी आवाज भिंतीवरून आपटून आलेला. हे परत रेकॉर्ड केलेलं आणि मूळ स्वच्छ टेप, दोन्ही मिक्सिंगला हाताशी ठेवले. गाडी जवळ आली की स्वच्छ, लांब गेली की ते दुसरं. म्हणून त्या सिनेमात संगीत पार्श्वभूमीला चिकटवलेलं वाटत नाही, रस्त्यावरच्या हवेत तरंगत असतं. याला वर्ल्डायझिंग म्हणतात. आज हे कॉम्प्युटरवर होतं, चांगलंही होतं, पण ते दोघं तसे अंगणात उभे राहिलेत हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यातला वुल्फमन जॅक खरा होता का?

खरा डीजे, स्वतःचीच भूमिका. तो मेक्सिकोच्या सीमेवरच्या स्टेशनांवरून बोलायचा. अमेरिकेत एएमला कमाल ५०,००० वॉटची मर्यादा, आणि सीमेपलीकडे त्यातल्या एका स्टेशनचा ट्रान्समीटर २,५०,००० वॉटचा. त्यात रात्री वातावरणाचा एक थर विरून जातो आणि एएमच्या लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो मैल लांब उतरतात. म्हणून कुठल्या तरी आडगावच्या पोराला रात्री अकराला तो शेजारच्या खोलीत बसल्यासारखा ऐकू यायचा.

सिनेमातला एक मुलगा वुल्फमनला शोधत स्टेशनवर जातो, तिथे एक जाड दाढीवाला माणूस म्हणतो वुल्फमन इथे नसतो, इथे फक्त त्याच्या टेप येतात. मुलगा निघतो, मागे वळून बघतो आणि काचेपलीकडे तोच माणूस माईकला तोंड लावून लांडग्यासारखा ओरडतोय. मी हा सीन किती वेळा बघितलाय विचारू नका.

'अमेरिकन ग्राफिटी'त एल्व्हिस प्रेस्लीची गाणी का नाहीत? १९६२ ची गोष्ट आहे ना?

पैशाचं कारण. एका गाण्यासाठी दोन परवानग्या लागतात, एक गाण्याची म्हणजे शब्द-चालीची, दुसरी त्या ठराविक रेकॉर्डिंगची. स्टुडिओनं सगळ्यांना सारखाच मोबदला देऊ केला, बहुतेकांना चाललं, आरसीए या रेकॉर्ड कंपनीला नाही चाललं, आणि एल्व्हिस आरसीएकडे. तरी साउंडट्रॅकच्या अल्बमवर ४१ गाणी आहेत. गाण्यांवर एवढा खर्च झाला की वेगळं पार्श्वसंगीत करायला काही उरलं नाही, आणि सिनेमाचं भलंच झालं.

टीव्हीची गत वाईट. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही रेडिओ स्टेशनवरची मालिका (१९७८ ते १९८२) नंतर परत दाखवताना कितीतरी मूळ गाणी काढून भलतंच काहीतरी घातलं गेलं, हक्कांची मुदत संपली म्हणून. डीजे एका गाण्याचं कौतुक करतो आणि वाजतं दुसरंच काहीतरी टुकार.

हिंदीत असं काही?

'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) आणि 'तुम्हारी सुलु' (२०१७), दोन्हीत विद्या बालन आरजे. सिनेमे आवडते, पण टेबलावर कॉम्प्युटर आणि नवे मिक्सर, जुन्या यंत्रांच्या शौकिनाला चघळायला काही नाही.

सिनेमा बघून तसं मशीन घ्यावंसं वाटतंय, काय तपासू?

आधी रबर. रबर सगळ्यात आधी मरतं. मी एकदा जुनं स्पूल मशीन हौसेनं आणलं, बाहेरून चकचकीत, काटे डोलतायत, आणि पाच मिनिटांनी बघतो तर दाबणारा रोलर वितळलेल्या डांबरासारखा, टेप त्याला चिकटून आत गुंडाळली जातेय. ती कात्रीनं सोडवली, बोटांवरचा काळा चिकटा दोन दिवस गेला नाही. रबरी चाकाचा टर्नटेबल वर्षानुवर्षं तसाच दाबून ठेवला असेल तर चाकाला एका जागी चपटा भाग येतो आणि गाण्याखाली 'थप थप थप' चालू राहतं.

नंतर कपॅसिटर, वाळले की गुणगुण वाढते. व्हॉल्व्हचं (काचेच्या नळ्यांचं) मशीन असेल तर स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो, जाणकाराकडे द्या.

जुन्या टेपचं वेगळंच दुखणं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपचा लेप हवेतला ओलावा शोषून चिकट होतो, वाजवताना किंचाळतात आणि हेडवर तपकिरी चिखल साठतो. तशी टेप जबरदस्तीनं वाजवू नका, आवाज अक्षरशः खरवडून निघतो. मंद, मोजलेल्या उष्णतेत काही तास सुकवून ती थोडे दिवस वाजण्याजोगी होते, पण ते माहीतगारानंच करावं, घरच्या भट्टीत नाही.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड एलपीच्याच सुईनं वाजवल्या तर?

नको. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते, एलपीची सुई तिच्या तळाशी लोळत राहते आणि नुसती खरखर उचलते.

सिनेमातली मशीनं खरी चालू असतात की नुसती ठेवलेली?

दोन्ही. ओळखायचं असेल तर रिळांकडे बघा. खरी टेप चालू असेल तर दोन रिळं सारख्या वेगानं फिरत नाहीत, ज्याच्यावर टेप कमी ते भराभर, भरलेलं सावकाश. दोन्ही एका तालात फिरतायत आणि दोन्हीवर टेप वेगवेगळी आहे असं दिसलं की समजा, मधे टेप ओवलेलीच नाही.